कॉनेमाराचा कथाकार

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारा नावाचा एक प्रदेश आहे. एका बाजूस अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या बाजूस दलदल, टेकड्या व खडक अशी त्याची रचना आहे. शेतीस योग्य जमीन येथे निसर्गाने फारशी दिलेली नाही. ती माणसांनी केली. भरती ओसरली की किनाऱ्यावरील समुद्रशेवाळ कापावे, पाठीवरच्या करंडीत भरून वर आणावे, खडकांमधील बोटभर मातीवर पसरावे, आणि अशा रीतीने तयार झालेल्या वाफ्यात बटाटे लावावेत, हा तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ होता. वेचून काढलेल्या दगडांचे बांध शेताशेताभोवती आजही उभे आहेत. या किनाऱ्यावरील स्पिडल गावाजवळच्या एका वाडीत १९०६ साली मार्टिन ओ काइन याचा जन्म झाला. वाडीच्या नावाचा अर्थ ‘हिरवी टेकडी’ असा होतो. हिरव्या टेकडीवरील या मुलाने पुढे आयरिश भाषेतील सर्वश्रेष्ठ मानली गेलेली कादंबरी लिहिली.

आयर्लंडला दोन भाषा आहेत. एक इंग्रजी. तिच्यात लिहून जेम्स जॉइस, येट्स, बर्नार्ड शॉ इत्यादी आयरिश साहित्यिकांनी जगभर कीर्ती मिळविली. दुसरी आयरिश, म्हणजे त्या देशाची मूळ भाषा. युरोपातील अतिप्राचीन लिखित वाङ्मयापैकी काही या भाषेत आहे. वीरकथा, वंशावळी, संतचरित्रे, प्रवासकथा यांनी तिची जुनी हस्तलिखिते भरलेली आहेत. परंतु ओ काइन जन्मला तेव्हा या भाषेत नुसते बोलणे हेही दारिद्र्याचे चिन्ह समजले जात होते. असे का झाले, हे समजून घेतल्यावाचून त्याच्या लेखनामागील तळमळ कळणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडमधील सुमारे ३० लक्ष गोरगरीब केवळ बटाट्यावर जगत होते. थोड्या जागेत पोटापुरते पीक देणारी दुसरी वस्तू नव्हती. धान्य पिकत होते, गुरे होती, लोणी होते. परंतु ते जमीनदाराचा खंड भरण्यासाठी विकले जाई. १८४५ च्या शरद ऋतूत बटाट्यावर करप्याचा रोग आला. हिरवी शेते काही दिवसांत काळी पडली आणि खणून काढलेले बटाटे हातातच कुजू लागले. पुढच्या वर्षी जवळजवळ सगळेच पीक गेले. १८४७ हे वर्ष तर आयरिश लोकांच्या स्मरणात ‘काळे सत्तेचाळीस’ म्हणूनच राहिले आहे. लोक उपासमारीने व तापाच्या साथींनी मरत असताना बंदरांतून धान्याची जहाजे इंग्लंडकडे जातच होती. सरकारने मका आणविला, रस्त्यांची कामे काढली, काही काळ अन्नछत्रेही चालविली; परंतु बाजाराच्या व्यवहारात सरकारने हात घालू नये या तत्त्वाचा पगडा राज्यकर्त्यांच्या मनावर इतका होता की, जे केले ते तुटपुंजे ठरले आणि पुष्कळदा उशिरा झाले. १८४१ साली देशाची लोकसंख्या सुमारे ८२ लक्ष होती. १८५१ साली ती ६५ लक्षांवर आली. सुमारे १० लक्ष माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली.

मेलेली व परागंदा झालेली माणसे बहुतांशी पश्चिमेकडील गरीब, म्हणजेच आयरिश बोलणारी होती. जी वाचली त्यांनी एक धडा घेतला : मुलाला अमेरिकेची वाट धरायची असेल तर त्याला इंग्रजी आले पाहिजे. सरकारी शाळांतून १८३१ पासून शिक्षण इंग्रजीतच दिले जात होते. कित्येक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. तो आयरिश शब्द बोलला की काठीवर एक खाच पाडायची आणि दिवसाच्या शेवटी खाचा मोजून शिक्षा करायची, अशी ही रीत होती. यात सर्व दोष मास्तरांच्या माथी मारता येत नाही. विल्यम वाइल्ड या डब्लिनच्या प्रसिद्ध डॉक्टराने १८५२ च्या आपल्या पुस्तकात पश्चिमेकडील एका झोपडीतील प्रसंग नमूद केला आहे. तेथे बापच आपल्या लाडक्या मुलाच्या काठीवर खाच पाडीत होता. त्या बापाला स्वतःला इंग्रजी धड येत नव्हते. मुलावरील मायेपोटीच त्याने आपल्या भाषेचा गळा दाबला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १८५१ च्या शिरगणतीत सुमारे १५ लक्ष लोकांनी आपल्याला आयरिश येत असल्याचे सांगितले होते; १९११ पर्यंत हा आकडा सहा लक्षांच्याही खाली गेला.

भाषा लोपू लागली की सर्वप्रथम तिच्यातील श्रोते नाहीसे होतात. सांगणारे काही काळ मागे उरतात. केरी परगण्यातील एका उंच कड्यावरील वाडीत शॉन ओ कॉनल नावाचा एक वृद्ध शेतकरी राहत असे. त्याला लिहिता वाचता येत नव्हते, इंग्रजीही येत नव्हते. परंतु शेकडो कथा त्याच्या मुखात होत्या. हिवाळ्याच्या रात्री शेकोटीभोवती बसून ऐकणारी माणसे हळूहळू कमी झाली. आपल्या कथा आपण विसरू नयेत म्हणून तो गुरे चारताना दगडी बांधाला त्या हावभावांसह सांगे. बाजारातून परतताना, पुढे घोडी व गाडी आणि मागे हा पायी, अशा स्थितीत चढ चढताना गाडीच्या पाठीला उद्देशून त्याचे कथाकथन चाललेले लोकांच्या कानी पडे. १९२३ साली शेमस ओ डुलार्गा हा तरुण अभ्यासक त्याच्याकडे गेला आणि १९३१ साली वृद्धाचे निधन होईपर्यंत त्याच्याकडून कथा उतरवून घेत राहिला. त्या कथांचे पुस्तक १९४८ साली निघाले.

याच ओ डुलार्गाच्या नेतृत्वाखाली १९३५ साली आयरिश लोकविद्या मंडळ स्थापन झाले. या मंडळाचा एक उपक्रम फार मनोरम आहे. १९३७ ते १९३९ या काळात देशातील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना नेहमीच्या निबंधाऐवजी एक वेगळेच काम देण्यात आले. घरातील व शेजारातील वृद्धांकडे जावे, जुन्या कथा, म्हणी, औषधे, खेळ, दुष्काळाच्या आठवणी, गावच्या विहिरींची व शेतांची नावे विचारावीत, आणि ती वहीत लिहून आणावीत. आजीच्या बोलण्याला शाळेच्या वहीत मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. गळ्यातील काठीचा काळ आठवणारी काही माणसे तेव्हा हयात असतील, तर त्यांना हे पाहून काय वाटले असेल! मुलांनी जमविलेल्या या मजकुराची पृष्ठसंख्या ७ लक्ष ४० हजारांच्या घरात जाते.

ओ काइनच्या घरीही कथा सांगणारी माणसे होती आणि तो लहानपणापासून त्या ऐकत वाढला. शिष्यवृत्ती मिळवून तो डब्लिनच्या अध्यापक विद्यालयात गेला आणि प्राथमिक शिक्षक होऊन आपल्या मुलखात परतला. आरंभी त्यानेही आपल्या भागातील कथा व गाणी जमविली आणि ती लोकविद्येच्या नियतकालिकात छापविली. परंतु कथा जमविणे निराळे व कथा निर्माण करणे निराळे. आपल्याला लिहायचे आहे हे त्याला कळत होते. कसे लिहावे हे कळत नव्हते. वाट दाखविली ती एका परदेशी लेखकाने. मॅक्झिम गॉर्कीची एक कथा फ्रेंच भाषांतरात त्याच्या हाती पडली. रशियातील साध्या कष्टकरी लोकांचे जिणे तीत होते. ती वाचून आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जीवन हा कथेचा विषय होऊ शकतो, याचा त्याला साक्षात्कार झाला. आजवर अशी गोष्ट आपल्याला कोणी सांगितली कशी नाही, असे त्याला वाटले.

त्याच्या ‘प्रकाशनगरीची वाट’ या कथेत फारसे काही घडत नाही. एक गरीब शेतकरीण पहाटेच्या काळोखात लोणी व अंडी पाठीवरच्या करंडीत घालून नऊ मैलांवरच्या गॉलवे शहरी बाजाराला पायी निघते, एवढेच. परंतु प्रत्येक मैलाचे तिचे मोजमाप वेगळे आहे. कोठे चढ, कोठे वळण, कोठे दोर खांद्यात रुतू लागतो, कोठे उधारीची आठवण येते, हे सारे वाचकाला तिच्याबरोबर चालावे लागते. ‘भरती’ या दुसऱ्या कथेत अमेरिकेत काही वर्षे नोकरी करून परतलेली एक नवविवाहिता सासूबरोबर समुद्रशेवाळ गोळा करण्यास जाते. मऊ पडलेले हात, निसरडे खडक, आणि ‘हिला हे काम जमायचे नाही’ अशा भोवतालच्या नजरा! मोठ्या उधाणाची ओहोटी महिन्यातून थोडेच दिवस येते; तेवढ्यात शेवाळ आणले नाही तर वाफ्याला खत नाही. दुष्काळाचा उल्लेखही न करता त्या काळाची भीती लेखकाने या घाईत भरून ठेविली आहे. पूर्वेतिहास कथेत आणण्याची ही रीत, सनावळ्या व लढाया यांनी भरलेल्या कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्यांपेक्षा अधिक परिणामकारक आहे, यात शंका नाही.

ओ काइन केवळ लेखक नव्हता. भाषा टिकवायची तर ती बोलणारी माणसे आधी टिकली पाहिजेत, आणि माणसे टिकायची तर त्यांच्या पायाखाली कसदार जमीन पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. यासाठी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी संघटना उभारली. सरकारपुढे मागणी मांडण्यासाठी ही मंडळी कॉनेमारापासून डब्लिनपर्यंत देश ओलांडून सायकलींवरून गेली. १९३५ साली कॉनेमारातील २७ कुटुंबांना देशाच्या दुसऱ्या टोकाच्या मीथ परगण्यात, राथ केर्न येथे, सुपीक जमीन मिळाली. इंग्रजी मुलखाच्या मध्यभागी वसलेले हे आयरिश बोलणारे गाव आजही आहे.

त्याच्या राजकारणाची किंमत मात्र त्याला मोजावी लागली. १९२१ साली आयर्लंडचे दोन भाग झाले. ही फाळणी अमान्य करून सशस्त्र मार्ग धरणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मी या बंदी घातलेल्या संघटनेचा तो सभासद होता. त्यामुळे १९३६ साली त्याची शिक्षकाची नोकरी गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयरिश सरकारनेच त्याला करा येथील छावणीत स्थानबद्ध केले. १९४० ते १९४४ ही वर्षे त्याने तेथे काढली. त्याच्या मार्गाविषयी मतभेद होऊ शकतो, आणि त्याच्या देशातही तो झाला. परंतु छावणीत तो स्वस्थ बसला नाही. त्याने सोबत्यांना आयरिश शिकविली, अनेक भाषांतील ग्रंथ वाचले आणि मित्राला दीर्घ पत्रे लिहिली. ही पत्रे पुढे, त्याच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आयर्लंडच्या स्वराज्याच्या चळवळीशी मराठी वाचकांचा परिचय जुना आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा ते नावच मुळी आयर्लंडहून आलेले होते.

छावणीतून सुटल्यावर तो गावी गेला असता एका अंत्ययात्रेचा प्रसंग आला. हिवाळ्याचे दिवस होते. दफनभूमीत थडग्याची नेमकी जागा सापडण्यात घोटाळा झाला आणि अखेर मृत स्त्रीला दुसऱ्याच कोणाच्या जागी पुरावे लागले. तेव्हा जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला की, आता येथे आत चांगलेच भांडण जुंपणार! बाकीचे हसले असतील आणि घरी जाऊन विसरलेही असतील. ओ काइन विसरला नाही. त्या एका वाक्यातून ‘क्रे ना किल्ये’, म्हणजे ‘दफनभूमीची माती’, ही कादंबरी उगवली.

या कादंबरीतील सर्व पात्रे मेलेली आहेत. कॉनेमारातील एका दफनभूमीत ती मातीखाली पडून आहेत आणि बोलत आहेत. वर्णन नाही, निवेदन नाही. आहेत ते केवळ आवाज. मरणाने त्यांच्यात शहाणपण आले असेल, अशी ज्याची अपेक्षा असेल त्याची निराशा होते. जिवंतपणीची भांडणे जशीच्या तशी चालू आहेत. कोणी कोणाची अंडी चोरली, कोणी कोणाच्या शेतात गाढव सोडले, कोणाच्या मयताला किती माणसे आली, याचे हिशेब संपत नाहीत. दफनभूमीतही तीन वर्ग आहेत. एक पौंडाची जागा, पंधरा शिलिंगांची जागा, आणि अगदी गरिबांसाठी अर्ध्या गिनीची जागा. कॅट्रीना फॉडीन ही एकाहत्तर वर्षांची कजाग म्हातारी कादंबरीची नायिका आहे. आपल्याला मुलाने पौंडाच्या जागेत पुरले की पंधरा शिलिंगांच्या, ही तिची पहिली चिंता आहे. आपल्या थडग्यावर चांगल्या दगडाचा क्रूस उभा राहिला की नाही, ही दुसरी. आणि धाकटी बहीण नेल अजून मरत कशी नाही, ही तिसरी व सर्वांत मोठी! ज्या तरुणावर कॅट्रीनाचे मन होते त्याच्याशी नेलचे लग्न झाले, आणि ते शल्य मातीखालीही बोथट झालेले नाही. नवा मृत खाली आला की सगळे त्याच्याभोवती प्रश्नांचा गलका करतात. वरच्या जगाची बातमी कळण्याचा तोच एक मार्ग. वर महायुद्ध चालू आहे. परंतु हिटलर कोठवर आला यापेक्षा नेलच्या प्रकृतीची वार्ता कॅट्रीनाला अधिक महत्त्वाची वाटते. एक फ्रेंच वैमानिक त्याच दफनभूमीत आहे; बिचारा शेजाऱ्यांची भांडणे ऐकत ऐकत आयरिश शिकतो आहे.

मृतांनी बोलावे ही कल्पना लोककथेतील आहे. शिव्याशाप, म्हणी, उखाळ्यापाखाळ्या यांनी रसरसलेली ती बोली लेखकाने हिरव्या टेकडीवर ऐकलेली आहे. तथापि ही लोककथा नव्हे. लोककथेत वृद्धा मायाळू व गावे सोज्ज्वळ असतात. शहरातील भाषाभिमानी लोकांनीही पश्चिमेकडील आयरिश शेतकऱ्याचे असेच एक देव्हाऱ्यातील चित्र तयार केले होते. ओ काइनने ते फोडून टाकले. त्याची माणसे मत्सरी, कंजूष व बोलघेवडी आहेत, आणि म्हणूनच ती खरी आहेत. कादंबरीचा विनोद काळाकुट्ट आहे हे खरे; परंतु तिच्या मुळाशी एक भयंकर प्रश्न आहे. ही भाषा बोलणारे लोक आता केवळ दफनभूमीतच उरणार की काय?

हा प्रश्न त्याला आयुष्यभर छळीत राहिला. ज्या भाषेत आपण लिहितो ती आपल्या आधीच मरून जाईल अशी ज्याला धास्ती आहे, त्याने आपले सर्वस्व ओतून लिहावे कसे, असे तो उतारवयात म्हणे. १९५० साली एका भाषणात त्याने लोकविद्येच्या संग्राहकांवर कठोर टीका केली. मेलेले जपून ठेवण्याच्या नादात जिवंत माणसांकडे व जिवंत भाषेकडे त्यांचे दुर्लक्ष होत आहे, असा त्याचा आक्षेप होता. ही टीका सर्वस्वी न्याय्य होती असे म्हणवत नाही. ओ डुलार्गासारखी माणसे झिजली नसती तर शॉन ओ कॉनलच्या कथा त्या दगडी बांधालाच ठाऊक राहिल्या असत्या. परंतु वारसा कपाटात ठेवून भागत नाही, तो कोणीतरी वापरावाही लागतो, हे लेखकाने बोलावे ते स्वाभाविकच होते. कारण तो ते करून दाखवीत होता.

कादंबरीला १९४७ साली आयरिश साहित्यसंमेलनाचे पारितोषिक मिळाले. तरीही पहिल्या प्रकाशकाने ती नाकारली. तिचे वळण फारच जॉइससारखे आहे, असे त्याला वाटले! १९४९ साली ती एका दैनिकातून क्रमशः आली आणि पुढे नव्यानेच निघालेल्या सॉर्शेल व डिल या छोट्या प्रकाशनसंस्थेने ती ग्रंथरूपाने काढली. ओ काइन नंतर संसदेच्या भाषांतर विभागात काम करू लागला. १९५६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात तो आयरिशचा अध्यापक झाला आणि १९६९ साली प्राध्यापक. प्राथमिक शाळेतून काढून टाकलेला हा शिक्षक इंग्रजी राजवटीने स्थापिलेल्या त्या जुन्या विद्यापीठात आयरिशच्या आसनावर बसला. १९७० च्या ऑक्टोबरात त्याचे निधन झाले.

आश्चर्य असे की, या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर २०१५ सालापर्यंत प्रसिद्ध झाले नाही. नॉर्वेजियन व डॅनिश वाचकांना ती आधी मिळाली. शेजारच्या इंग्रजी वाचकांना मात्र पासष्टांहून अधिक वर्षे थांबावे लागले. अडचण भाषेचीच होती. कॅट्रीनाच्या तोंडचे एकेक दूषण म्हणजे शब्दांची एक लांबलचक माळ असते. तिचा नाद, तिच्यातील अपमान आणि तिच्यातील गंमत ही तिन्ही एकदम दुसऱ्या भाषेत नेणे कोणालाही सोपे नव्हते. अखेर २०१५ साली एक भाषांतर निघाले आणि २०१६ साली दुसऱ्या भाषांतरकारांनी केलेले दुसरे. ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्यांत आता वाद चालतो, की कॅट्रीना फॉडीन नेमके काय म्हणाली.